कारखाना न पाहिलेल्या माणसाची कामगारगीते



आपल्या शाळेत इंग्रजी गाण्यांवरून वाद झाला असे सांगितले तर जुन्या माजी विद्यार्थ्यांचा विश्वास बसणार नाही. पण वाद झाला आणि तो अजून पुरता मिटलेला नाही. आमच्या केबिनपर्यंत आला, तिथून पालक सभेत गेला, आणि आता विश्वस्त मंडळाच्या बैठकीतही तो येणार आहे. तेव्हा आमचे मत आधीच लेखी सांगून टाकावे, म्हणून हा लेख.

झाले असे. आपल्या शाळेचे एक माजी विद्यार्थी अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील एडिसन गावी स्थायिक झाले आहेत. सुट्टीत इंदूरला आले की ते आठवणीने शाळेत येतात. या खेपेस त्यांनी नववी ते अकरावीच्या मुलांना प्रोजेक्टरवर एका कार्यक्रमाचे चित्रण दाखवले. ब्रूस स्प्रिंगस्टीन या अमेरिकन रॉक गायकाचा तो एकपात्री म्हणावा असा कार्यक्रम. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर वॉल्टर कर थिएटरमध्ये ऑक्टोबर २०१७ पासून डिसेंबर २०१८ पर्यंत त्याचे २३६ प्रयोग झाले. शेवटच्या प्रयोगाच्या दुसऱ्याच दिवशी, म्हणजे १६ डिसेंबर २०१८ रोजी, थॉम झिम्नी यांनी दिग्दर्शित केलेले त्याचे चित्रण नेटफ्लिक्सवर आले. रंगमंचावर एक पियानो, एक गिटार आणि सत्तरीकडे झुकलेला एक माणूस. दोन गाण्यांपुरती त्याची पत्नी पॅटी शाल्फा येते. बाकी अडीच तास तो एकटाच बोलतो आणि गातो.

आम्हाला या संगीतातले काही कळत नाही, हे आधीच कबूल करतो. आमचा कान नाट्यसंगीत, भजन आणि रेडिओवरची जुनी हिंदी गाणी यांवर वाढलेला. पण मुले शेजारी बसलेली, म्हणून आम्हीही बसलो. आणि सुरुवातीच्या काही मिनिटांतच तो माणूस असे काही बोलला की आम्ही खुर्चीत सावरून बसलो.

आधी हे गृहस्थ कोण, ते थोडक्यात सांगतो. सप्टेंबर १९४९ मध्ये जन्म, न्यू जर्सीतल्या फ्रीहोल्ड नावाच्या लहान गावात बालपण. वडील डग्लस यांनी गालिच्यांच्या मिलमध्ये काम केले, एडिसनच्या फोर्ड मोटारीच्या कारखान्यात केले, बसही चालवली. घर मुख्यतः आईच्या पगारावर चाले. ती वकिलाच्या कार्यालयात सेक्रेटरी होती. मुलाने गिटार धरली आणि १९७५ साली ‘बॉर्न टू रन’ या अल्बमने तो देशभर गाजला. १९८४ चा ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’ तर जगभर गेला. त्याच्या गाण्यांत कोण आहेत? कारखान्यातले मजूर, बंद पडलेल्या मिलचे गाव, व्हिएतनामच्या युद्धावरून परतलेला आणि कुणी न विचारलेला सैनिक, जुनी गाडी घेऊन गाव सोडू पाहणारी तरुण पोरे. जीनची पँट, साधा सदरा, बाह्या वर सरकवलेल्या. अमेरिकेतल्या कष्टकऱ्यांना वाटले, हा आपल्यातलाच एक आहे. गेली पन्नास वर्षे त्याची हीच ओळख आहे.

आणि तोच माणूस त्या रंगमंचावरून काय सांगतो? की मी आयुष्यात कधी कारखान्याच्या आत पाऊल ठेवलेले नाही, तरी लिहिले ते सगळे त्याच्याविषयी. आठवड्याचे पाच दिवस कामावर जायचे म्हणजे काय, हे मला या नाटकघरात येईपर्यंत माहीत नव्हते. मोटारी आणि रस्ते यांची गाणी लिहिली तेव्हा मला गाडीसुद्धा चालवता येत नव्हती. गाव सोडून पळून जाण्याची गाणी गायलो आणि आज त्या गावापासून दहा मिनिटांच्या अंतरावर राहतो आहे. हे सगळे मी रचले. लोक हसतात, टाळ्या वाजवतात.

चित्रण संपले आणि वर्गात दोन तट पडले.

दहावीतली एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, “सर, हे तर चक्क ढोंग झालं. ज्यांचं दुःख विकून कोट्यवधी कमावले, त्यांच्यासारखा एक दिवसही हा जगला नाही. आणि आता म्हातारपणी कबूल करून त्याच्यासुद्धा टाळ्या घेतो!” अर्धा वर्ग तिच्या बाजूने गेला. मग मागच्या बाकावरचा, एरवी तोंड न उघडणारा एक मुलगा उठला. त्याचे आजोबा हुकुमचंद मिलमध्ये साच्यावर होते. तो एवढेच म्हणाला, “सर, माझे आजोबा मिलबद्दल काहीच बोलत नाहीत. कुणीतरी बोलायला हवं ना?” आणि खाली बसला.

या दोन वाक्यांतच सगळा वाद आला, असे आम्हाला वाटते.

मुलांना ठाऊक नसेल, पण हा वाद अमेरिकेतही त्याच्या चाहत्यांमध्ये वर्षानुवर्षे चालत आला आहे, आणि तिथे त्याला हिशेबाची धार आहे. ब्रॉडवेच्या त्या नाटकघरात जेमतेम साडेनऊशेच्या आसपास खुर्च्या. तिकीट ७५ ते ८५० डॉलर. दर प्रयोगाला ७५ डॉलरची २६ तिकिटे सोडतीने दिली जात. पहिल्या हंगामाची एकूण विक्री ११ कोटी डॉलरच्या वर गेली. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये त्याने आपल्या सगळ्या गाण्यांचे हक्क सोनी कंपनीला विकले. ती रक्कम सुमारे ५० कोटी डॉलर असल्याचे तेव्हा वर्तमानपत्रांत आले होते. आणि जुलै २०२२ मध्ये पुढच्या वर्षीच्या दौऱ्याची तिकिटे निघाली तेव्हा मागणी वाढेल तसा भाव चढवण्याची पद्धत लावली गेली. काही खुर्च्यांचे भाव चार-पाच हजार डॉलरपर्यंत चढले. बहुतेक तिकिटे याहून पुष्कळ स्वस्त आहेत आणि सरासरी दोन-अडीचशे डॉलरच पडते, असा खुलासा आला. स्वतः स्प्रिंगस्टीनचे म्हणणे असे पडले की आजवर आम्ही बाजारभावापेक्षा कमी घेत आलो. मधले दलाल पैसा खातात, त्यापेक्षा रंगमंचावर तीन तास घाम गाळणाऱ्यांना तो का मिळू नये?

युक्तिवाद खोटा नाही. पण जुन्या चाहत्यांच्या मनाला तो लागला. ‘बॅकस्ट्रीट्स’ नावाचे एक नियतकालिक १९८० पासून केवळ या गायकाच्या चाहत्यांसाठी निघत होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये, दौरा सुरू होता होताच, ४३ वर्षांनंतर त्यांनी काम थांबवत असल्याचे जाहीर केले. कारणात तिकिटांच्या भावाचा उल्लेख होता: आमच्या वाचकांपैकी अनेकांना ज्या कार्यक्रमाला जाणेच परवडत नाही, त्याच्या बातम्या कोणत्या तोंडाने द्यायच्या? एखाद्या भजनी मंडळाने चाळीस वर्षांनी टाळ खाली ठेवावेत, तसे हे झाले.

दुसऱ्या बाजूचे चाहते म्हणतात, अहो, त्या माणसाकडे पाहा तरी. जुलै २०१२ मध्ये फिनलंडच्या हेलसिंकी शहरात तो चार तासांहून अधिक वेळ सलग गायला, तेव्हा बासष्ट वर्षांचा होता. २०२३ मध्ये पोटातल्या अल्सरमुळे कार्यक्रम पुढे ढकलावे लागले, तर बरा होऊन पुन्हा उभा राहिला. २०१६ च्या आत्मचरित्रात त्याने स्वतःच्या नैराश्याच्या आजाराविषयी मोकळेपणाने लिहिले. ज्याला फसवायचे असते तो माणूस असे लिहीत नाही.

आता आमचे मत.

ज्याने भोगले त्यानेच लिहावे, असा नियम केला तर तो ऐकायला न्याय्य वाटतो. आपल्याकडे नारायण सुर्वे आहेत. त्यांनी मिलमध्ये काम केले, शाळेत शिपाई होते, मग शिक्षक झाले आणि कवी म्हणून मोठे झाले. त्यांच्या शब्दाला जे वजन आहे ते दुसऱ्या कुणाच्या शब्दाला येणार नाही, हे आम्ही मानतो. पण मग बालगंधर्वांचे काय करायचे? नारायणराव राजहंस पुरुष होते, हे तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाला माहीत होते. तरी त्यांची भामिनी, त्यांची सिंधू पाहायला बायाबापड्या लोटत, आणि पदर कसा घ्यावा हे घरंदाज स्त्रिया त्यांच्याकडून शिकत. त्याला कुणी ढोंग म्हटले नाही. उलट १९३५ च्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात ते एकनाथांच्या, म्हणजे पुरुषाच्या भूमिकेत आले तर प्रेक्षकांना ते रुचेना! वय झाल्यावरही ते शालू नेसून उभे राहत, तेव्हा चाहत्यांत दोन तट पडतच. एक म्हणे, आता थांबावे. दुसरा म्हणे, आवाज ऐका, वय पाहू नका. चाहत्यांचे हे भांडण आपल्याला नवीन नाही.

तेव्हा वेष घेतला म्हणजे खोटे झाले, असे नाही. वेष कुणाचा घेतला, का घेतला आणि ज्याचा घेतला त्याच्याशी आपण कसे वागलो, हे पाहावे लागते. स्प्रिंगस्टीनने तो कशासाठी घेतला, हे त्या चित्रणात तोच सांगतो. तो सदरा आणि ती पँट त्याच्या वडिलांची होती. घरी दिव्याचे बटण बंद करून काळोखात बसून राहणारा, मुलाशी धड न बोलणारा बाप. ज्यांचे प्रेम मिळाले नाही त्यांच्यासारखे होऊन आपण ते मिळवू पाहतो, अशा अर्थाचे तो काही बोलतो. पुढे १९९० साली स्वतःच्या पहिल्या मुलाच्या जन्माच्या थोडे आधी म्हातारा बाप न कळवता शेकडो मैल गाडी हाकत त्याच्या दारी येतो आणि आपल्या परीने, थोडक्या शब्दांत, कबुली देतो की मी तुझ्याशी चांगला वागलो नाही. एवढे सांगताना रंगमंचावरच्या त्या माणसाचा आवाज बदलतो. आमच्या शेजारी बसलेल्या शिपाईकाकांना इंग्रजी येत नाही. त्यांनीही डोळे पुसले.

या सगळ्यावरून आम्ही तीन कसोट्या काढल्या आहेत. पहिली, ज्यांच्याविषयी बोलतो त्यांचे आयुष्य त्याने मन लावून पाहिले आहे का? दुसरी, आपण त्यांच्यातले नाही हे त्याने लपवले का? तिसरी, ज्यांच्याविषयी तो बोलतो त्यांना त्याच्या दारातून आत येता येते का?

पहिल्या कसोटीला तो उतरतो. वडिलांचे आयुष्य त्याने जवळून पाहिले. दुसऱ्या कसोटीला उशिरा का होईना उतरतो; जे सांगण्याची कुणी सक्ती केली नव्हती ते त्याने स्वतः उठून सांगितले. दहावीतल्या आमच्या विद्यार्थिनीचे म्हणणे खरे आहे की कबुलीच्याही टाळ्या मिळाल्या. पण टाळ्या मिळतात म्हणून कबुली खोटी ठरत नाही. तिसऱ्या कसोटीला मात्र आम्ही त्याला पूर्ण गुण देऊ शकत नाही. मिल बंद पडलेल्या गावाचे गाणे असेल आणि त्या गावच्या माणसाला ते ऐकायला दाराबाहेर उभे राहावे लागत असेल, तर गाण्यात नव्हे, त्या दारात खोट आहे. ‘बॅकस्ट्रीट्स’वाले रागावले ते याच दारावर, आणि आम्हाला ते बरोबर वाटते.

इथपर्यंत परक्या माणसाची तपासणी झाली. आता थोडी स्वतःची.

रोज प्रार्थनेनंतर आम्ही तुमच्यापुढे उभे राहून मराठी वाचा, मराठी लिहा, असे सांगतो. शाळेच्या भिंतीवरचे सुविचार आमच्या अक्षरात आहेत. पण पालकहो, आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले, बी.ए. पर्यंत आम्ही मराठीचा एकही पेपर दिलेला नाही. घरात आई बोलायची तेवढी मराठी. या शाळेत रुजू झालो तेव्हा फळ्यावर ‘कोशिश करा’ असे लिहिले होते आणि वर्ग हसला होता. एका वृद्ध बाईंनी, त्या इथे मराठी शिकवत, रोज मधल्या सुट्टीत आमच्याकडून शुद्धलेखन करून घेतले. आजही हा लेख छापण्याआधी आम्ही तो मराठीच्या शिक्षिकांना दाखवतो. म्हणजे मराठी शाळेचे प्राचार्य हाही एक अंगावर चढवलेला सदराच आहे. तो आमच्या मापाचा नव्हता; घालून घालून अंगाला बसला. हे आम्ही आजवर जाहीर बोललो नव्हतो. एका अमेरिकन गवयाला पाहून धीर आला, म्हणून बोललो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. यंदाच्या स्नेहसंमेलनात मुलांना हुकुमचंद मिलवर नाटक करायचे आहे. ते चित्रण पाहिल्यावरच त्यांच्या डोक्यात हे आले. डिसेंबर १९९१ मध्ये ती मिल बंद पडली. कामगारांना थकबाकीची रक्कम मिळण्याचा मार्ग मोकळा झाला तो डिसेंबर २०२३ मध्ये; सुमारे ४,८०० कामगारांसाठी २२४ कोटी रुपये. मधली बत्तीस वर्षे कितीतरी जण वाट पाहत गेले. आणि तरी अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या निघत राहिल्या. चाके थांबली, झांकी थांबली नाही. या शहराचा हा इतिहास आपल्या मुलांना कुठल्या पुस्तकात मिळणार?

काही पालकांनी पत्र लिहून हरकत घेतली आहे. त्यांचे म्हणणे असे की आपली मुले डॉक्टर, इंजिनियर, बँकवाल्यांच्या घरची. त्यांनी डोक्याला फडके बांधून मजूर व्हायचे, हे दिखाऊ होईल. पत्र प्रामाणिक आहे आणि मुद्दा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. पण त्याचा उपाय नाटक बंद करणे हा नाही. उपाय त्या तीन कसोट्यांतच आहे.

म्हणून आमच्या सूचना अशा. एक, नाटकातल्या प्रत्येक मुलाने संहिता लिहिण्याआधी परदेशीपुरा किंवा मालवा मिल भागात जाऊन एका तरी जुन्या कामगारासमोर बसावे आणि ऐकावे. वही बंद ठेवून आधी ऐकावे, मग लिहावे. पाळी कशी असे, भोंगा वाजला की काय होई, सुताची धूळ छातीत कशी बसे, बंदनंतर पहिली दिवाळी कशी गेली, हे विचारावे. ज्यांना बोलायचे नसेल त्यांना बोलते करण्याचा हट्ट धरू नये. दोन, पडदा उघडण्याआधी एका मुलाने पुढे येऊन साध्या शब्दांत सांगावे की आम्ही मिल चालू असलेली पाहिलेली नाही. जे दाखवतो आहोत ते या या आजोबांकडून आणि आजींकडून ऐकलेले आहे. ज्यांची संमती असेल त्यांची नावे घ्यावीत. तीन, आणि ही विनंती विश्वस्त मंडळाला आहे. पहिल्या दोन रांगांचे पास देणगीदारांसाठी पाचशे रुपयांना ठेवण्याचा विचार चालू असल्याचे आम्हाला कळले. शाळेच्या इमारतीचे छप्पर गळते, पैसा लागतो, हे आमच्याइतके कुणाला माहीत नाही. तरीही त्या दोन रांगा जुन्या कामगारांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी मोकळ्या ठेवाव्यात. देणगीदार तिसऱ्या रांगेत बसतील. आपले देणगीदार मोठ्या मनाचे आहेत, ते रागावणार नाहीत. छपरासाठी आपण वेगळी झोळी फिरवू. पहिली पावती आमच्या नावाने फाडावी.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यातल्या अनेकांना उद्या असे सदरे घालावे लागतील जे तुमच्या मापाचे नसतील. कुणी या गावातून पुण्याला जाईल, कुणी एडिसनला. तिथे तुम्हाला कुणी तरी व्हावे लागेल. त्यात लाज नाही. सदरा कुणाचा आहे ते विसरू नका, आणि विचारले तर खरे सांगा, एवढेच.

त्या मागच्या बाकावरच्या मुलाने परवा येऊन सांगितले की त्याने घरी आजोबांना नाटकाविषयी सांगितले. आजोबा पुष्कळ वेळ गप्प बसले आणि मग विचारते झाले, “साचा दाखवणार आहात का? साच्याचा आवाज कसा काढणार?” मुलगा म्हणाला, “तुम्हीच सांगा ना, आजोबा.” दुसऱ्या दिवशी आजोबांनी त्याच्यापुढे स्टीलच्या दोन वाट्या आणि एक लाकडी पट्टी ठेवली.

तालीम पुढच्या सोमवारपासून आहे. आवाज तेच शिकवणार आहेत.